सूचना : तायक्वांदोच्या पॅटर्नच्या (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या) वर्गाबाबत, सर्व प्रशिक्षकांसाठी

नमस्कार. बेल्ट परीक्षा जवळ आली की आपण मुलांकडून सगळा पॅटर्न सलग दहा-दहा वेळा करून घेतो. कृपया हे थांबवा. चुकीची हालचालच पक्की होते आणि मग ती मोडताना नाकी नऊ येतात.

चोन-जी या पहिल्या पॅटर्नच्या १९ हालचाली तुकड्यातुकड्यांत घ्या. आधी लो ब्लॉक (खालचा वार अडवणं) आणि पंचचा भाग, तो बसला की एल-स्टान्सचा (पावलं इंग्रजी L सारखी ठेवून उभं राहण्याचा). शेवटचे दोन पंच मागे सरकत आहेत. तिथे मुलं घाईत आखूड पावलं टाकतात आणि सुरुवातीच्या जागेवर पोहोचतच नाहीत. जमिनीवर खडूने खूण करा. वॉकिंग स्टान्सची (एक पाय पुढे टाकून उभं राहण्याची) लांबी खांद्यांच्या रुंदीच्या दीडपट, रुंदी खांद्यांएवढी. हे ज्याच्या त्याच्या खांद्यांवरून मोजायचं, तुमच्या नव्हे!

दान-गुन या पुढच्या पॅटर्नमधले सगळे पंच डोळ्यांच्या उंचीवर असतात, छातीवर आले तर तिथेच टोका.

त्यानंतरच्या दो-सान पॅटर्नमध्ये बोटांच्या थ्रस्टनंतर (बोटांच्या टोकांनी सरळ खुपसल्यानंतर) मनगट पिळून हात सोडवायचा असतो. नुसतं "पिळा" म्हणून उपयोग नाही. जोडीदाराला मनगट खरंच धरायला लावा, एका मिनिटात कळतं.

मोजणी रोज तुम्हीच करू नका. कधी मुलांना मोजू द्या, कधी गप्प राहून करून घ्या. आरशाकडे पाठ करूनही एकदा घ्या, निम्मे जण दिशा चुकतात.

पॅटर्नच्या नावाचा अर्थ विचारायला विसरू नका, परीक्षेत तोही विचारला जाईल.