मोबाइलवरचा हिशेब आणि खात्यात पडलेले अनुदान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीचे अनुदान ‘कापून आले’, ही तक्रार मराठवाड्यात गावोगावी ऐकू येते. बऱ्याचदा तिचे मूळ मोबाइलवर केलेल्या हिशेबात असते. मदतीचा आकडा काढून देणारी ऑनलाइन पाने क्षेत्र विचारतात, जिरायत की बागायत एवढे विचारतात आणि रक्कम दाखवतात. त्या रकमेवर लोक कृषी सेवा केंद्राची उधारी ठरवतात, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर) सोयाबीन धरा, म्हणजे सुमारे ३ एकर. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारचे मदत पॅकेज जाहीर झाल्यावर ‘कोरडवाहूला हेक्टरी १८,५००’ हा आकडा सगळीकडे फिरला. त्या हिशेबाने २२,२०० रुपये होतात. पण १८,५०० हा एकच दर नव्हे. त्यातले ८,५०० पीक नुकसानीचे आणि १०,००० रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी. दोन्ही रकमा वेगवेगळ्या पडतात. पंचनाम्यात बाधित क्षेत्र ८० आर लागले असेल, तर आधी ६,८०० येतात आणि मागाहून ८,०००. एकूण १४,८००. पहिला मेसेज पाहूनच तलाठ्याशी भांडण सुरू होते.

मग उरलेले ४० आर कुठे गेले? पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र धरत नाहीत. ई-पीक पाहणीत (मोबाइल अॅपवरच्या पीक नोंदीत) ज्या तुकड्यावर पिकाची नोंद नाही, तो पंचनाम्यात अडू शकतो. नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली दाखवले तर त्या तुकड्याला काहीच नाही. आणि सातबाऱ्यावर सामायिक खाते असेल, तर रक्कम हिश्श्याप्रमाणे वाटली जाते. चार भावांच्या १ हेक्टर ६० आरमध्ये एकेकाला पीक नुकसानीचे ४० आरचे ३,४०० रुपयेच येणार. कॅल्क्युलेटर यातले एकही विचारत नाही. अर्थात पंचनामाच बांधावर न जाता लिहिला असेल, तर ती खरी चूक आहे आणि तिच्याविरुद्ध दाद मागितलीच पाहिजे.

दुसरी गोम जुन्या दरांची. जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयात जिरायतीला १३,६००, बागायतीला २७,००० आणि फळबागेला ३६,००० रुपये हेक्टरी होते, तेही ३ हेक्टरपर्यंत. मे २०२५ मध्ये ते मागे घेऊन ८,५००, १७,००० आणि २२,५०० केले, मर्यादा २ हेक्टर. पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा ३ हेक्टर झाली, दर मात्र तेच राहिले. तारीख न टाकलेल्या पानावर जुना दर दिसला की माणूस फसतो. एककाचा घोळ तर रोजचाच: आपण बोलतो एकर-गुंठ्यात, सातबारा लिहितो हेक्टर-आरमध्ये. हेक्टरच्या रकान्यात ‘३’ टाकले की तीन एकरवाल्याला ५५,५०० रुपये दिसतात.

सर्वांत वाईट फसगत खरडून गेलेल्या जमिनीची झाली. नदीकाठच्या शेतकऱ्याने ‘हेक्टरी ३ लाख ४७ हजार’ ऐकले आणि तेवढे खात्यात येतील असे धरले. त्यातले रोख फक्त ४७,००० होते. ३ लाखांचे काम रोजगार हमीतून व्हायचे होते. तसेच विमा काढलेल्यांसाठी ‘हेक्टरी ३५,५००’ सांगितले गेले, त्यात १७,००० विम्याचे धरले होते. पण खरीप २०२५ मध्ये राज्यात विम्याची भरपाई एकेका शेतातल्या नुकसानीवर नव्हे, महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरणार होती. मंडळाचे उत्पन्न ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या वर राहिले, तर तुमच्या शेतात गुडघाभर पाणी असूनही भरपाई शून्य येऊ शकत होती.

रक्कम कमी वाटली तर आधी गावच्या यादीत आपला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) शोधा आणि त्यासमोरचे बाधित क्षेत्र पाहा. मागणी केलेले क्षेत्र नव्हे, बाधित क्षेत्र. जिरायत असेल तर त्याला ८,५०० ने गुणा. उत्तर जुळले तर दुसरी रक्कम वेगळी आली का ते पाहा. क्षेत्रच चुकले असेल तर सातबारा आणि ई-पीक पाहणीच्या नोंदीसह तहसीलला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काहीच पडले नसेल तर ई-केवायसी किंवा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) बाकी आहे का, आणि आधार कोणत्या बँकेला जोडले आहे, हे बघा. पैसे जिल्हा बँकेत नव्हे, कधीतरी काढलेल्या जनधन खात्यात पडलेले असू शकतात. अनुदान कर्जात वळते करून घेऊ नये, असे शासन निर्णयातच असते. बँकेने खात्यावर होल्ड लावून पैसे अडवले असतील तर तेही अर्जात लिहा.

प्रशासनाने खात्यात पैसे टाकताना मेसेजमध्ये बाधित क्षेत्र, दर आणि ‘पीक नुकसान’ की ‘रब्बी’ एवढे तीन शब्द घातले, तर निम्म्या चकरा वाचतील. आणि आपल्या दैनिकाने पॅकेजची बातमी देताना रोख किती, रोजगार हमीचे किती आणि विम्याचे किती, हे वेगवेगळ्या रकान्यांत तारखेसह छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
ता. औसा, जि. लातूर