रुंद पायाच्या मित्राला, स्केट घेण्याआधी

मिसिसागा, नोव्हेंबर

प्रिय पश्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि आधी तर इतका आनंद झाला म्हणून सांगू, विनिपेगच्या पहिल्याच हिवाळ्यात पोराला आइस हॉकीला घातलंस आणि त्याच्याबरोबर स्वतःही शिकायचं ठरवलंस, मला खरंच फार भारी वाटलं. पण पुढचं ऐकून काळजी वाटली. दुकानात साडेसातचे स्केट घातले, पंजाला दोन्हीकडून आवळत होते, मग तिथला मुलगा म्हणाला साडेआठचे घ्या सेलमध्ये आहेत, आणि तू शनिवारी जाऊन ते घेणार. घेऊ नकोस. प्लीज. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, निवांत वाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रुंदी कमी पडतेय म्हणून लांबी वाढवायची नाही. मोठ्या नंबरात पंजाला थोडी जागा मिळते, नाही असं नाही, पण त्याबरोबर टाच सुटते. हॉकीच्या स्केटमध्ये टाच पक्की बसली नाही तर तू पाय टाकशील एकीकडे आणि पातं जाईल दुसरीकडे. शिवाय बूट लांब झाला की खालचं पातं पण लांब येतं, त्यामुळे वळताना पायाखालचा तोल चुकीच्या जागी पडतो. मग माणूस काय करतो, टाच हलू नये म्हणून लेस करकचून आवळतो, त्यानं रक्त अडतं, पाय बधिर होतो आणि तुमच्याकडे उणे 25 मध्ये बाहेरच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, बधिर पाय म्हणजे गंमत नाही. इथे माझ्याबरोबर शिकायला आलेले कितीतरी लोक एका सीझनमध्ये सोडून गेले, आणि विचारलं तर म्हणतात मला जमत नाही, घोटे कमजोर आहेत. घोटे ठीक असतात रे, बूट चुकीचे असतात. तुझं तसं व्हायला नको एवढ्यासाठी हा खटाटोप.

आता नंबर. तू आपल्याकडचा बाटाचा 7 घालायचास ना? भारतातले नंबर यूकेचे असतात, इथे अमेरिकन चालतात, म्हणजे इथल्या साध्या बुटात तू 8. आणि हॉकीचे स्केट साध्या बुटापेक्षा 1 ते दीड नंबर लहान घ्यायचे असतात. म्हणजे तू साधारण साडेसहा ते 7, आणि तुला दिले साडेसात, वरून साडेआठ दाखवले! साडेसहा बसले तर आणखी एक फायदा आहे. स्केट ज्युनियर, इंटरमीजिएट आणि सीनियर अशा तीन गटात येतात, बॉवर कंपनीच्या साइजमध्ये साडेसहापर्यंत इंटरमीजिएट धरतात आणि 7 पासून सीनियर. त्याच मॉडेलचा इंटरमीजिएट जोड बराच स्वस्त असतो. तुझं वजन काही फार नाही, शिकायला तो बूट पुरेसा कडक असतो, त्यामुळे साडेसहा वाइड आधी घालून बघ आणि मगच 7 वाइडकडे जा.

वाइड हा शब्द दुकानात स्वतःहून उच्चार कारण बऱ्याच ठिकाणी समोर मांडलेले सगळे रेग्युलर असतात आणि वाइड मागच्या खोलीत. जुनी खूण अशी की D म्हणजे रेग्युलर आणि EE म्हणजे वाइड, साध्या मॉडेलवर अजून तसंच लिहितात. बॉवरनी वरच्या मॉडेलना फिट 1, फिट 2, फिट 3 असं केलंय, 1 सगळ्यात अरुंद आणि उथळ, 3 सगळ्यात रुंद आणि खोल. सीसीएम ही दुसरी कंपनी, तिचं टेपर्ड (म्हणजे अरुंद), रेग्युलर, वाइड असतं. तुला फिट 3 किंवा वाइड किंवा EE, तिन्हीचा अर्थ तुझ्यापुरता एकच धर. फरक मिलिमीटरचाच असतो पण तेवढ्यात पाय रडायचा थांबतो.

तुझे पाय मला माहितीयेत रे. सांगलीला घाटावर पोहून वर आलो की दगडावर तुझ्या पायाचा आख्खा ठसा उमटायचा, मधली कमान जवळजवळ नाहीच. सपाट तळवा वजन पडलं की आणखी पसरतो आणि आत कलतो, मग घोट्याच्या आतल्या बाजूचं हाड बुटाला घासतं. पाय म्हणजे सुपासारखा, पुढे पसरट आणि टाचेला निमुळता. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा असाच असतो, लहानपण चपला आणि अनवाणी गेलेलं. भारतात अनवाणी वावरणाऱ्यांच्या पायांवर अभ्यास पण झालाय, त्यांचा पंजा बुटात वाढलेल्या लोकांपेक्षा रुंद निघाला. त्यामुळे पायात काही खोट आहे असं मनात आणू नकोस, बूट वेगळ्या पायांवर बेतलेत एवढंच. पण याचा अर्थ असा की तुझी खरी अडचण नुसती रुंदी नाही, पंजाला जागा पाहिजे आणि टाचेला नको, आणि EE घेतला तर मागे पण थोडी जागा सुटू शकते. त्याचा इलाज पुढे सांगतो.

दुकानात संध्याकाळच्या वेळेला जा कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पातळ मोजे, एकच जोड, वहिनींनी विणलेले लोकरीचे नाही. दोन्ही पाय मोजायला सांग, एक पाय सहसा मोठा असतो, त्याच्या मापानं घ्यायचं. मग बूट घालायच्या आधीच त्यातला इनसोल बाहेर काढ, जमिनीवर ठेव आणि त्यावर नीट वजन टाकून उभा राहा. मला इथल्या एका वयस्कर फिटरनी, म्हणजे दुकानात बूट पायाला बसवून देणाऱ्यानी, हे दाखवलं होतं, माझी करंगळी आणि तिच्याखालचा गादीसारखा भाग इनसोलच्या कडेवरून बाहेर ओघळलेला, तो गृहस्थ खाली वाकून बोटानी ती कड दाखवत होता आणि काही न बोलता तो डबा बंद करून ठेवून दुसरा काढला. इतकी साधी तपासणी, पैसे लागत नाहीत, आणि मला तरी रुंदीची दुसरी कुठली एवढी खात्रीची वाटत नाही.

पुढची पेन्सिलची. पाय आत घाल, टाच मागे ठोक, लेस बांधू नकोस, जीभ पुढे ओढून घे आणि वरून तिसऱ्या लेसच्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेव. पेन्सिल दोन्हीकडे भोकांवर टेकली पाहिजे. ती तुझ्या पायावर टेकून डुगडुगायला लागली तर बूट उथळ आहे, रुंदी कितीही असू दे, लेस बांधल्यावर घोट्याच्या पुढच्या शिरांवर दाब येणार, त्याला इथे लेस बाइट म्हणतात आणि तो फार वाईट दुखतो. मग लेस बांधून उभा राहा, सरळ उभं असताना अंगठा पुढच्या टोपीला हलका लागला पाहिजे आणि गुडघे वाकवले की जरा मागे सरकला पाहिजे. टाच उचलून बघ, आतल्या आत सरकत असेल तर नको. आणि पंधरावीस मिनिटं घालूनच बस, लाजू नकोस, दुकानातले लोक बघतात बघू दे. सगळीकडून सारखं घट्ट वाटलं तर चालतं, ते चांगलंच. मुंग्या आल्या, तळव्यात गोळा आला, किंवा एकाच जागी टोचलं तर मात्र लक्ष दे.

एका जागी टोचत असेल तर आख्खा बूट नाकारायची पण गरज नसते, तिथे मोल्डिंग आणि पंच कामाला येतं. स्केट ओव्हनमध्ये काही मिनिटं गरम करतात, मऊ झाला की पायात घालून लेस बांधायची आणि हललं नाही पाहिजे, दहापंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं, गार होताना तो पायाचा आकार घेतो. तुझ्या टाचेचा इलाज हाच, मागचा भाग टाचेभोवती बसतो आणि पुढचा थोडा मोकळा होतो. लेस ओढताना वर नाही, बाहेरच्या बाजूला हळू ओढायची, गरम बुटाची भोकं फाटतात. त्या दिवशी बर्फावर जायचं नाही. आणि घरच्या ओव्हनमध्ये हे करायचं डोक्यातून काढून टाक, वहिनी तर ओरडतीलच पण बुटाचा गोंद सुटतो. एवढं करून पण घोट्याचं हाड किंवा करंगळीची बाजू दुखत राहिली तर दुकानवाले त्या एवढ्याच ठिकाणी आतून दाब देऊन बूट बाहेर फुगवून देतात, त्यालाच पंच म्हणतात. चांगला फिटर असेल तर दहाबारा मिनिटांचं काम.

आता पैशाचं. तू म्हणालास 200 डॉलरच्या वर जायचं नाही, बरोबर आहे, नवीन देश नवीन घर. तर माझं मत सरळ सांगतो, नवा स्वस्त घेण्यापेक्षा वापरलेला मधल्या दर्जाचा घे. शंभर सव्वाशेचे नवे स्केट मिळतात, कॅनेडियन टायर नावाच्या मोठ्या दुकानात पण दिसतील, पण त्यांचं मटेरियल गरम करून फारसं वळत नाही, आणि तुझ्या पायाला वळणारा बूट पाहिजे. जो बूट नवा असताना 400-500 ला होता तो वापरलेला शंभरच्या आसपास सापडतो कारण लोकांची पोरं वाढतात, साइज बदलतो, किंवा लोक एक सीझन खेळून सोडतात. किजिजी आणि फेसबुक मार्केटप्लेसवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघ, आणि प्ले इट अगेन स्पोर्ट्स या वापरलेल्या खेळसामानाच्या दुकानात जाऊन ये, तिथे घालून बघता येतं हा मोठा फायदा. ऑनलाइनवाले रुंदी लिहीतच नाहीत, साइज 7 एवढंच लिहून मोकळे, तर जिभेच्या आतला किंवा बुटावरचा शिक्का दिसेल असा फोटो मागव, मगच गाडी काढ. बॉवर नेक्सस हे नाव दिसलं तर थांबून बघ, ती लाइन आता बंद झाली पण रुंद आणि खोल पायासाठीच होती आणि वापरलेली अजून फिरत असते. बॉवरचेच जुने व्हेपर दिसायला भारी आणि स्वस्त मिळतात, पण ते अरुंद पायाचे, EE लिहिलेलं नसेल तर सोडून दे.

वापरलेला बघताना दोन्ही बाजूंनी घोट्याजवळ बूट हातानी दाबून बघ, सहज आत गेला तर संपलाय. पातं किती उरलंय ते बघ, धार लावून लावून झिजतं, ते धरणाऱ्या होल्डरच्या जवळ आलेलं असेल तर लवकरच नवं स्टील घालावं लागेल आणि स्वस्तातला सौदा महाग पडेल. होल्डरला तडा किंवा सैल रिव्हेट आहेत का तेही बघ (इनसोल काढून आतून बघ, गंज असेल तर कळतो). वरवरचा गंज धार लावताना जातो, कडेला खोल खड्डे पडलेले असतील तर नको. कुणाच्या तरी पायाला आधी मोल्ड झालेला असतो त्याची भीती बाळगू नको, परत बेक करता येतो. वास मात्र जात नाही, हे खरंच सांगतोय.

200 मधले 50 बाजूला ठेव. बेकिंगचे पैसे, लागला तर पंच, आणि धार, नव्या स्केटला सुद्धा दुकानातून आल्यावर धार लावून घ्यावी लागते. पात्याच्या खाली मधे पन्हळ असते आणि दोन बाजूला दोन कडा, ती पन्हळ किती त्रिज्येच्या गोलाईची ते विचारतील, तू 1/2 इंच सांग, पुढे 5/8 करून बघ, त्यात पन्हळ उथळ होते, घसरण जास्त मिळते आणि पकड थोडी कमी होते. त्यातूनच पैसे उरले तर कमानीला आधार देणारा इनसोल, सपाट तळव्याला त्यानं खूप फरक पडतो, पाय आत कलायचा थांबला की रुंदीचा त्रास पण कमी होतो. पण तो घेतला तर पेन्सिलची तपासणी परत कर, कारण पाय आत थोडा उचलला जातो. हेल्मेट मात्र नवीनच घे, सीएसए या कॅनडातल्या सुरक्षा प्रमाणपत्राचा शिक्का बघून, बाकी शिनपॅड एल्बो पॅड ग्लव्हज सगळं जुनं चालतं.

आणि गंमत माहितीये का, ट्रू नावाच्या कंपनीचे, पायाचं 3डी स्कॅन करून बनवलेले स्केट मोठमोठे प्लेअर घालतात, ते स्केट तुझ्याच विनिपेगमधल्या व्हीएच नावाच्या छोट्या कंपनीतून सुरू झाले, नंतर ट्रूनी ती विकत घेतली. किंमत हजार डॉलरच्या वर त्यामुळे आपण सध्या फक्त बघायचे. पण त्यामुळे तुमच्या गावात पायाची जाण असलेले फिटर सापडायला हवेत, रिंकवर म्हातारे खेळणारे असतात ना, साठीपुढचे, त्यांना विचार तुम्ही स्केट कुणाकडे बेक करता. ते प्रेमानी सांगतात, आणि त्यांच्यात पण रुंद पायाचे भरपूर.

पहिल्या काही वेळेला पंज्याकडे लेस ढिली ठेव आणि घोट्याजवळ घट्ट, जिथे हाड टोचतं तिथलं एखादं भोक सोडून दिलंस तरी चालतं. घरी टीव्ही बघताना ब्लेडला गार्ड लावून घालून बस.

मला पहिल्यांदा बरोबर बसलेला बूट मिळाला तेव्हा रिंकवर पायाकडे लक्षच गेलं नाही, पकबद्दल (हॉकीच्या चकतीबद्दल) विचार करायला मिळाला, तेच तुला पण मिळावं असं मनापासून वाटतं. पोराचे स्केट पण याच पद्धतीनं बघ, वाढता पाय म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नको, अर्धा नंबर मोकळा चालतो.

शनिवारी साडेआठच्या जोडाकडे बघायचं सुद्धा नाही. त्याआधी दोन्ही पाय कागदावर ठेवून, वजन टाकून, पेन्सिल उभी धरून रेघ मार, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत आणि पंजा सगळ्यात रुंद आहे तिथे मोज आणि फोटो मला पाठव. इकडे माझ्या ओळखीचा एक जण साडेसहा EE विकायच्या विचारात आहे, मापं जुळली तर मी जाऊन दाबून बघून येतो आणि कुरियर करतो. दुकानात गेलासच तर तिथून व्हिडिओ कॉल लाव, मी घरीच आहे.

काकूंना नमस्कार, वहिनींना पण, छोट्या प्लेअरला पापा.

तुझा,
सुन्या