तीस हजारांचे हेल्मेट, हजाराचे हेल्मेट आणि दोनशेची टोपी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हेल्मेटसक्तीची मोहीम सुरू झाली की दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइके वाढतात. एकाला पोलिसांपुरते काहीतरी डोक्यावर हवे असते. दुसऱ्याला वाटते, मुलाच्या जिवासाठी वीस-पंचवीस हजार मोजले की काळजी मिटली. हिशेब दोघांचाही चुकतो, पण पहिल्याची चूक जिवावर बेतते आणि दुसऱ्याची बहुतेक वेळा खिशावरच. बाजारातली खरी दरी आहे ती रस्त्याकडेची हेल्मेटच्या आकाराची दोनशेची टोपी आणि हजार-बाराशेचे आयएसआय प्रमाणित हेल्मेट यांच्यात. त्यापुढे किंमत वाढते तशी सुरक्षा त्याच पटीत वाढत नाही.

याचे कारण हेल्मेटच्या आत आहे. बाहेरचे कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि धक्का मोठ्या भागावर पसरवते. डोके थांबवण्याचे काम मात्र आतल्या घट्ट थर्माकोलचे. तो चिरडतो आणि चिरडता चिरडता डोक्याचा वेग शून्यावर आणतो. युरोपच्या ईसीई २२.०५ मानकात हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर आदळत असत. या वेगातले डोके ५ मिलिमीटर अंतरात थांबले, तर त्याला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ५७० पटींहून जास्त धक्का बसतो. तेच २० मिलिमीटरमध्ये थांबले, तर धक्का १४३ पटींवर येतो. मानकातली कमाल मर्यादा २७५ पट होती. थर्माकोल पूर्ण जाडीइतका दबत नाही, साधारण दोन-तृतीयांश दबतो. म्हणून २० मिलिमीटर मिळवायला ३० मिलिमीटरचा थर लागतो. दोनशेच्या टोपीत हा थर नसतोच. तिथे पातळ स्पंज चिकटवलेला असतो आणि तो अंगठ्याने दाबला तरी तळाला टेकतो.

‘गाडी साठने चालते, मग २७ च्या चाचणीचा काय उपयोग?’ असा प्रश्न हमखास येतो. ताशी २७ किलोमीटर म्हणजे जवळपास २.९ मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग. गाडीवरून फेकला गेलेला माणूस रस्त्यावर घसरतो, तेव्हा पुढे जाण्याचा वेग घसरण्यात जिरतो आणि डोके जमिनीवर आपटते ते मुख्यतः खाली पडण्याच्या वेगाने. खांबाला, दुभाजकाला किंवा उभ्या ट्रकला डोके थेट धडकले तर मात्र हा हिशेब लागू होत नाही. तिथे कोणत्याही किमतीच्या हेल्मेटवर फार भरवसा ठेवता येत नाही.

आता महागड्या हेल्मेटकडे येऊ. ब्रिटनच्या परिवहन विभागाने २००७ मध्ये ‘शार्प’ नावाची तारांकन योजना सुरू केली. मानकात आधीच उत्तीर्ण झालेली हेल्मेट दुकानांतून विकत घ्यायची, सपाट आणि फुटपाथच्या कडेसारख्या ऐरणींवर तीन वेगवेगळ्या वेगांनी आदळायची आणि एक ते पाच तारे द्यायचे, अशी तिची पद्धत. पन्नास-साठ पौंडांच्या काही हेल्मेटना तिथे पाच तारे मिळाले आणि कित्येक पट महाग असलेल्या काहींना तीनच. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोटरसायकल मासिकाने हेल्मेट प्रयोगशाळेत आपटून पाहिली. सर्वांत कमी धक्का डोक्यापर्यंत पोचवणाऱ्यांत ऐंशी डॉलरचे प्लास्टिक कवचाचे हेल्मेट होते. महागडी बरीच हेल्मेट स्नेल या अमेरिकेतल्या खासगी संस्थेच्या तेव्हाच्या मानकासाठी बनवलेली होती. त्या मानकात एकाच जागी दोनदा जोरदार आघात सोसावा लागे, म्हणून कवच आणि थर्माकोल दोन्ही जास्त कडक केले जात. कडक थर्माकोल नेहमीच्या आघातात कमी चिरडतो आणि धक्का डोक्यात जातो. पुढे स्नेलनेही २०१० च्या मानकात धक्क्याची मर्यादा खाली आणली. मजबूत म्हणजे सुरक्षित ही समजूत हेल्मेटच्या बाबतीत अर्धीच खरी आहे.

मग तीस हजार जातात कुठे? कार्बन किंवा फायबरच्या थरांचे हाताने घडवलेले कवच, लहान-मोठ्या डोक्यांसाठी कवचाचे दोन-तीन वेगळे साचे, वारा खेळवणाऱ्या वाटा, वाफ न धरणारी काच, धुता येणारे अस्तर, कमी आवाज, रंगकाम आणि आयातशुल्क. यातले काहीच फुकाचे नाही. रोज शंभर किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला दोन-तीनशे ग्रॅम कमी वजन मानेला जाणवते आणि कमी आवाजाने थकवा कमी येतो. एका बाबतीत तर पैसे खरोखर सुरक्षेसाठी जातात. डोके तिरके आपटून गर्रकन फिरते, तेव्हा मेंदूला होणारी इजा वेगळ्या जातीची असते. ईसीईच्या २२.०६ या सुधारित मानकात ४५ अंशांच्या खरखरीत ऐरणीवर हेल्मेट आदळून ही फिरकी मोजतात. जास्त पैसे खर्च करायचेच असतील, तर शर्यतपटूची सही असलेल्या रंगीत डिझाइनऐवजी २२.०६ च्या शिक्क्यासाठी करा. त्यावर आयएसआयही हवाच, कारण १ जून २०२१ पासून भारतात बिगर-आयएसआय दुचाकी हेल्मेट बनवणे, आयात करणे आणि विकणे बेकायदा आहे. नुसत्या ‘डॉट’च्या, म्हणजे अमेरिकी परिवहन विभागाच्या मानकाच्या, स्टिकरला काही अर्थ नाही. अमेरिकेतही ते प्रमाणपत्र कंपनी स्वतःच स्वतःला देते आणि आपल्याकडे ते स्टिकर सुटे मिळते.

आयएसआयची खातरजमा दुकानात उभ्या उभ्या होते. शिक्क्याच्या वर ‘आयएस ४१५१’ हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की संपला, ते दिसते. नाव हेल्मेटवरच्या नावाशी जुळले नाही तर हेल्मेट खाली ठेवा. हे करण्याची गरज आहे, कारण दिल्लीत एका कारवाईत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेट जप्त झाली, असे केंद्र सरकारने २०२५ मध्येच जाहीर केले आहे. त्यानंतर डोक्यावरच्या भागातले कापडी अस्तर बाजूला करून आत पाहा. एकसंध साच्यात ओतलेला, नखाने सहज न दबणारा थर्माकोल कपाळापासून मानेपर्यंत आणि दोन्ही कानांच्या वरपर्यंत सलग दिसला पाहिजे. टीव्हीच्या खोक्यात येतो तसला भुसभुशीत, तुकडे जोडून बसवलेला नको. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये हनुवटीचा भाग आतून दाबून पाहा. स्वस्तातल्या कित्येकांत तिथे पोकळ प्लास्टिक आणि वर स्पंजची पट्टी एवढेच असते. जर्मनीत हॅनोव्हरला झालेल्या अपघातांच्या अभ्यासात जवळपास एक तृतीयांश आघात हनुवटी-जबड्याच्या भागावर आढळले होते, म्हणून अर्ध्या हेल्मेटपेक्षा पूर्ण हेल्मेट घ्यावे. शेवटी पट्टा. तो कवचाला धातूच्या रिव्हेटने पक्का बसवलेला हवा. बक्कल लावून दोन्ही हातांनी हिसका द्या. प्लास्टिकचे बटण सुटले तर ते अपघातात नक्की सुटेल.

पण खरा घोळ होतो मापात, आणि तिथे महागडे हेल्मेटही हरते. हेल्मेट हे चपलेसारखे मापाने घ्यायची वस्तू आहे, हेच आपल्याकडे कोणी मानत नाही. भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून शिवणकामाची टेप फिरवा. आकडा ५८ सेंटिमीटर आला तर ५८० लिहिलेले हेल्मेट मागा. एल, एम या अक्षरांवर जाऊ नका, कारण ती कंपनीगणिक बदलतात. नवे हेल्मेट गालांना घट्ट लागले पाहिजे. डोके स्थिर ठेवून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवले तर गालाची कातडी बरोबर फिरायला हवी. मग पट्टा लावा, हनुवटीखाली जेमतेम दोन बोटे जातील इतकाच, आणि दुसऱ्या कोणाला मागच्या कडेला धरून हेल्मेट वर-पुढे ढकलायला सांगा. ते डोळ्यांवरून निघून आले तर माप मोठे आहे. दहा-पंधरा मिनिटे दुकानातच घालून ठेवा. कपाळावर एकाच जागी लाल ठिपका उमटला आणि दुखू लागले, तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुसऱ्या कंपनीचे पाहा. सैल हेल्मेट आघाताच्या आधीच सरकते, आणि थर्माकोल कितीही चांगला असला तरी तो तेव्हा डोक्याच्या त्या भागावर नसतो.

पुण्यात मुली-बायका स्कार्फचे तीन-चार वेढे घेऊन वर हेल्मेट घालतात. त्याने हेल्मेट वर उचलले जाते आणि कपाळ उघडे पडते. उन्हा-धुळीसाठी पातळ सुती टोपडे आत घालावे, जाड ओढणी हेल्मेट घातल्यावर मानेभोवती घ्यावी. अंबाडा मागून हेल्मेटला पुढे ढकलतो. केस मानेजवळ खाली बांधावेत आणि क्लचर, चाप काढून पर्समध्ये टाकावेत. आघातात तेच डोक्यात रुततात.

चांगले हेल्मेट घेऊनही ते खराब करण्याच्या आपल्या दोन सवयी आहेत. एक म्हणजे आरशावर टांगणे. आरशाचा दांडा रोज त्याच जागी रुततो, अस्तराखालचा थर्माकोल दबतो आणि पुन्हा फुगत नाही. तिथली जाडी कायमची कमी होते. दुसरी म्हणजे पेट्रोल किंवा थिनरने डाग पुसणे. त्याने पॉलिकार्बोनेटच्या कवचाला बारीक तडे जातात आणि आतला थर्माकोल तर पेट्रोलने विरघळतो. साबणाचे कोमट पाणी पुरे. डोक्यावर असताना एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही साबूत दिसले तरी टाकून द्यावे. पाच वर्षांनी बदलावे, आणि खरवडलेली काच त्याच्या कितीतरी आधी. रात्री समोरच्या दिव्याने ती पांढरी होते आणि खड्डा दिसत नाही. काच तीन-चारशेत मिळते.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा देशात मृत्यू झाला. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. घरात पंधरा हजारांचे एक हेल्मेट घेऊन पत्नीला तसेच मागे बसवण्यापेक्षा त्यातले तीन हजार खर्चून दोन प्रमाणित, मापाची हेल्मेट घेतलेली केव्हाही बरी.

दंड मात्र एकाच टोकाला वसूल होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट भारतीय मानकाचे आणि पट्टा लावलेले असले पाहिजे, नाहीतर चालकाला हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन. दोनशेची टोपी विकणारा महामार्गाकडेला दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडणी लावतो. बीआयएस कायदा २०१६ मध्ये त्याच्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख दंडाची तरतूद आहे. हेल्मेट मोहिमेच्या पहिल्या दिवशी चौकात उभे राहण्याआधी बीआयएसचे अधिकारी आणि पोलीस यांनी या मांडण्या आणि त्यांना माल पुरवणारी गोदामे तपासावीत. आणि नव्या गाडीबरोबर हेल्मेट देण्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये आहेच, तर शोरूममध्ये सर्वांना एकाच मापाचे खोके हातात देणे थांबावे. गाडीची डिलिव्हरी देताना ग्राहकाच्या डोक्याचे माप घेऊन हेल्मेट द्यावे आणि ते माप पावतीवर लिहावे, असा आदेश परिवहन आयुक्तांनी काढावा, ही आमची मागणी आहे.

कळावे.

हेल्मेट विक्री व तपासणीच्या कामातील काही वाचक,
पुणे