ताई, तू हात मागे बांधून उभी राहिलीस म्हणून

प्रिय ताई,

वयाने तू माझ्या नातीएवढी, पण इथले सगळे तुला ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. आभार चारचौघांत मानावेत, म्हणून पत्र उघडंच लिहिते आहे.

आधी कबुली. तू आमच्यासोबत बाग करायला पहिल्यांदा आलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. ज्येष्ठ निवासात लोक येतात, आमच्यासाठी कुंड्या मांडतात, फोटो काढतात आणि जातात. महिन्याभराने कुंडीत वाळकी काटकी उरते. तू मात्र पिशवीतून मापाची टेप काढलीस आणि म्हणालीस, "आजी, हात पुढे करा. ओढूनताणून नको, सहज जाईल तेवढाच."

वाफे त्या मापाने झाले. एका बाजूने हात पोचतो जेमतेम ६० सेंमी, म्हणून दोन्हीकडून काम करायच्या वाफ्याची रुंदी १२०, त्याहून बोटभरही जास्त नाही. चाकाच्या खुर्चीवाल्यांचे वाफे टेबलासारखे, खाली गुडघे जातील असे. खुरप्याच्या मुठीला तू स्पंज गुंडाळलास, तेव्हा माझी सुजलेली बोटं कित्येक दिवसांनी नीट मिटली. झारी अर्धीच भरायची हेही तुझंच. १० लिटर पाणी म्हणजे १० किलो वजन, हे आयुष्यभर पाणी भरूनही माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं!

पण खरे आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीचे. आमच्यातल्या एका काकांचे हात थरथरतात. बी राजगिऱ्याहून बारीक. तीनदा सांडलं. मी सरसावले, तर तू डोळ्यांनीच मला थांबवलंस. स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभी होतीस. मग त्यांना एवढंच विचारलंस, "काडी ओली करून बघायची का?" ओल्या काडीच्या टोकाला एक बी चिकटलं, मातीत टेकवलं, सुटलं. मग दुसरं. अख्खी ओळ पेरायला त्यांना पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात कुणी त्यांना "राहू द्या" म्हटलं नाही. इथे "राहू द्या" दिवसातून किती वेळा कानावर पडतं, ते तुला सांगून कळायचं नाही.

आमचे घोटाळेही तू निमूट पाहिलेस. झेंडूची पहिली रोपं आम्ही मायेनेच मारली. सकाळी मी पाणी घालायचे, दुपारी दुसरं कुणी, संध्याकाळी तिसरं. मुळं कुजली. तू रागावली नाहीस, फक्त म्हणालीस, "बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर झारी खाली ठेवा." आता वाफ्यात एक लाल खुंटी असते. पाणी घातलं की ती आडवी करायची. त्या खुंटीवरून भांडणंही होतात, आणि खरं सांगू, इतक्या दिवसांत भांडण्याजोगं काही नव्हतंच इथे.

डोळ्यांनी अधू असलेल्या आमच्या मावशी रोज पुदिन्याच्या वाफ्याशी थांबतात, पान चुरडतात आणि मगच पुढे जातात. पुदिना काठावर लावायचं तुला कसं सुचलं, विचारायचं राहून गेलं.

पुढच्या खेपेला छाटणीची कात्री आण. माझी कुणीतरी नेली आहे, आणि माझा संशय तिसऱ्या वाफ्यावर आहे.

तुझी,
पहिल्या वाफ्यावरची आजी