'४ जीबी ग्राफिक्स कार्ड' म्हणजे नेमकं कुठलं, ते बिलावर लिहा की!

महोदय,

दिवाळी असो नाहीतर बारावीचा निकाल, पेपरच्या आतल्या पानावर एक चौकोनी जाहिरात ठरलेलीच असते. 'गेमिंग पीसी, आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट, ईएमआय उपलब्ध.' यात प्रोसेसर कितव्या जनरेशनचा ते नसतं आणि ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) कुठलं ते तर नसतंच नसतं. मी साताऱ्यात कॉम्प्युटर असेंबल करायचं आणि रिपेअरिंगचं काम करतो, म्हणजे याच धंद्यातला माणूस आहे, तरी हे लिहितोय, कारण या अर्ध्या नावाच्या जाहिरातीमुळे गिऱ्हाईक फसतंय आणि नंतर सगळ्याच दुकानदारांना शिव्या बसतात.

मध्ये कोरेगावकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, पीसी नवाकोरा, दुसरीकडून घेतलेला, तक्रार काय तर फोर्झा होरायझन ५ ही गेम चालतच नाही. बाजूची काच काढली तर आत आरजीबीचे म्हणजे सात रंगांचे पंखे गरागरा फिरतायत आणि मधोमध हाताच्या पंजाएवढं एक बारकं कार्ड. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बघितलं, निघालं एनव्हिडियाचं जीटी ७३०, मेमरी ४ जीबी, डीडीआर३ या जुन्या प्रकारची, बस (मेमरीतून डेटा यायची वाट) ६४ बिट. हे कार्ड २०१४ सालचं! त्या चिपला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २०२१ मध्येच बंद झाले आणि ती गेम कमीत कमी जीटीएक्स ९७० मागते. बिलावर काय लिहिलं होतं? 'ग्राफिक्स कार्ड ४ जीबी, १ नग.' आता वडील म्हणतात की चार जीबी सांगितलं होतं, चार जीबीच दिलंय, मग भांडायचं कशावर? दुकानदाराने खोटं असं काहीच लिहिलेलं नाही हो, हीच तर गंमत आहे. आणि दुकानात डेमो दाखवला होता व्हॅलोरंटचा, ती गेम इतकी हलकी की या कार्डावरसुद्धा रडतखडत चालते.

लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय की जेवढे जीबी जास्त तेवढं कार्ड भारी. तसं नसतं. जीबी म्हणजे गोडाऊन केवढं आहे एवढंच, त्या गोडाऊनचं दार किती रुंद आहे आणि आत माल उचलणारे हमाल किती आहेत ते जीबीवरून कळत नाही. त्या जीटी ७३० मध्ये मेमरीतून सेकंदाला साधारण १४ जीबी डेटा ये-जा करतो, एएमडी कंपनीच्या आरएक्स ६६०० मध्ये २२४. त्यामुळे ७३० ला ४ जीबी लावा नाहीतर ४० लावा, ते वापरायची त्याची कुवतच नाही. उलट चांगल्या चिपला मेमरी कमी पडली तर तिथेही गेम अडखळते, म्हणून आता नवीन घेताना ८ जीबीच्या खाली शक्यतो जाऊ नका असं मी सांगतो, पण ते चिप बघून झाल्यावर, आधी नाही.

बरं दुकानदाराने नाव लिहिलं तरी पुरत नाही, कारण कंपन्यांनीच एकाच नावाखाली दोन-दोन वेगळे माल विकायची सवय लावून घेतली आहे. जीटी १०३० आधी २०१७ ला आलं ते जीडीडीआर५ मेमरीचं, वर्षभराने तेच नाव लावून डीडीआर४ वालं आलं, त्यात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्या आत, म्हणजे निम्म्याहून कमी. आरटीएक्स ३०५० चं तसंच, २०२२ चं ८ जीबीवालं आणि २०२४ चं ६ जीबीवालं यात फक्त दोन जीबीचा फरक आहे असं कुणालाही वाटेल, पण कोर (म्हणजे वर सांगितलेले हमाल) २५६० चे २३०४ झाले आणि बस १२८ ची ९६ बिट. एनव्हिडियाचं ५०६० टीआय आणि एएमडीचं ९०६० एक्सटी ही दोन्ही ८ आणि १६ जीबीत येतात, नाव तेच. सेकंडहँड बाजारात आरएक्स ५८० म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा मूळचं चीनसाठी काढलेलं २०४८ एसपी असतं, म्हणजे २०४८ स्ट्रीम प्रोसेसरचं (एएमडीच्या भाषेत कोर), खऱ्या ५८० मध्ये ते २३०४ असतात. आणि काही महाभाग तर जुनाट कार्डाचं बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवतात, विंडोजला पण ते खरंच वाटतं, जीपीयू-झेडला मात्र असे बरेच नग ओळखू येतात. म्हणून सेकंडहँड कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ओळखीच्याकडून घ्या, चालू करून, जीपीयू-झेड लावून, अर्धा तास गेम खेळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. १०५० टीआय आणि १०६० बद्दल तर अजून एक, त्या पिढीला नव्या गेमचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलंय, पुढे फक्त सिक्युरिटीचे अपडेट, त्यामुळे अगदी मातीमोल भावात मिळत असेल तरच.

आता मुलं विचारतात, दादा मग घ्यायचं कुठलं. मी उलट विचारतो, मॉनिटर कुठला आहे, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठला आहे आणि खेळणार काय. निम्म्यांना मॉनिटरचं रिझोल्यूशन माहीत नसतं. साधा फुल एचडी मॉनिटर असेल आणि खेळायचं व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जुनं जीटीए ५ एवढंच असेल आणि घरचं बजेट आधीच ताणलेलं असेल, तर मी सरळ सांगतो की सध्या कार्डच घेऊ नका, रायझन ५ ५६००जी सारखा ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घ्या, ८-८ जीबीच्या दोन रॅम लावा (एकच १६ ची लावली की निम्मा जोर तिथेच जातो, ती आतली चिप रॅमवरच जगते) आणि कार्डाचे पैसे मागे ठेवा. ५६००जी मधलं आतलं ग्राफिक्स त्या जीटी ७३० पेक्षा खूपच पुढे आहे, म्हणजे लोक हजारो रुपये मोजून प्रोसेसरसोबत आलेल्यापेक्षा हलकं कार्ड विकत घेतायत, आणि दुकानदार ते हसत हसत बसवून देतोय, कारण जाहिरातीत 'ग्राफिक्स कार्डसह' हे शब्द पाहिजेत ना!

त्याच्या पुढे सरकलात की आरएक्स ६६०० चांगलं, जुनं झालं, २०२१ चं आहे, पण स्टॉकमध्ये सीलपॅक मिळालं तर फुल एचडीसाठी अजून दमदार, १३२ वॅट खातं, एक ८ पिनची वायर लागते. त्याच्याच घराण्यातलं ६५०० एक्सटी मात्र टाळा, नावावर जाऊ नका. ते मदरबोर्डशी फक्त चार लेनने (डेटाच्या वाटांनी) बोलतं, मेमरी बहुतेकांत चारच जीबी, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३ वाल्या (कार्डाच्या खाचेची जुनी, कमी वेगाची पिढी) जुन्या बोर्डवर ते चांगलंच ढेपाळतं, आणि ५६००जी हा प्रोसेसरसुद्धा ३ वरच चालतो हे कुणी सांगत नाही. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगचं काम करणारा भाग) नाही, पोरगं यूट्यूबवर गेमप्ले टाकायचं म्हणत असेल तर सगळा लोड प्रोसेसरवर.

६ जीबीवाल्या ३०५० ला मी वर नावं ठेवली पण त्याची एक जागा आहे, ती प्रामाणिकपणे सांगतो. ते ७० वॅटचं आहे, वेगळी पॉवरची वायर बहुतेक मॉडेलना लागत नाही, म्हणून कंपन्यांमधून निघालेले जे रिफर्बिश्ड ब्रँडेड डेस्कटॉप हल्ली स्वस्तात मिळतात आणि ज्यांचा एसएमपीएस बदलता येत नाही, त्यात ते बसतं. डबा बुटका असेल तर लो प्रोफाइलवालं मागायचं. नव्या असेंबल पीसीत ते घ्यायचं काही कारण मला दिसत नाही.

थोडं वरचं बजेट असेल तर आरटीएक्स ५०५०, ५०६०, इंटेलचं बी५८० आणि ९०६० एक्सटी. यांचे बाहेरचे लाँचचे भाव २४९ ते ३४९ डॉलर आहेत (५०५० आणि बी५८० चा २४९, ५०६० आणि ८ जीबीच्या ९०६० एक्सटीचा २९९, १६ जीबीवाल्याचा ३४९) पण डॉलरला रुपयाने गुणून दुकानात भांडायला येऊ नका, वर १८ टक्के जीएसटी आहे, आयातीचा खर्च आहे, मधल्यांचं मार्जिन आहे, आणि भाव आठवड्याला हलतात. माझं मत विचाराल तर ५०५० घेण्यापेक्षा अजून थोडं थांबून ५०६० घ्यावं, आणि पाच-सहा वर्षं बदलायचंच नाही असं ठरवून घेणाऱ्याने १६ जीबीचं ९०६० एक्सटी. इंजिनिअरिंगची पोरं ब्लेंडर, मशीन लर्निंग वगैरे करणार असतील तर मात्र एनव्हिडियाच बरं, त्या सॉफ्टवेअरचा सगळा संसार कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डावर आकडेमोड करून घ्यायची तिचीच प्रणाली) आहे. इंटेलचं बी५८० हे १२ जीबीचं, कागदावर ८ जीबीवाल्यांपेक्षा मोठं, आणि नव्या प्रोसेसरबरोबर खरंच छान चालतं, पण त्याला बोर्डात रेझायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावं लागतं आणि जुन्या किंवा हलक्या प्रोसेसरबरोबर ते मार खातं, त्यामुळे आठव्या-नवव्या जनरेशनच्या पीसीत टाकायला कुणी मागितलं तर मी देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

एसएमपीएसवर कुणी बोलतच नाही म्हणून मी बोलतो. कॅबिनेटबरोबर 'फ्री' येणारा तो ५०० वॅट लिहिलेला पत्र्याचा डबा हातात घेऊन बघा, पोकळ लागतो. त्यावर कार्ड टाकलं की गेम चालू झाल्या झाल्या पीसी रिस्टार्ट, लोक म्हणतात कार्ड खराब. ४५०-५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र) असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या, त्यासाठी आरजीबी पंखे कमी करा. आणि आपल्याकडे लाइट जाते म्हणून घरात जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो साधारण ३६० वॅटच देतो, मॉनिटर धरून हिशेब करा.

तर माझी मागणी काय आहे ते लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे तिच्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हे पण येतं, आणि बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. मग कार्डाचं नाव न लिहिता 'ग्राफिक्स कार्ड' एवढंच छापणं हे यात का येऊ नये? बिलावर आणि कोटेशनवर चिपचं पूर्ण नाव, कार्ड बनवणारी कंपनी, मेमरी किती आणि कुठल्या प्रकारची, आणि सीरियल नंबर एवढं असलंच पाहिजे. एका ओळीत बसतं. सीरियल नंबर यासाठी की वॉरंटीला गेल्यावर सर्व्हिस सेंटरवाला तोच विचारतो, 'असेंबल पीसी १ नग' असल्या बिलावर तो तुम्हाला दारात उभं करत नाही. गिऱ्हाइकाने पण पैसे देण्याआधी हे लिहून मागावं, आणि लिहून द्यायला कुणी कां-कूं करत असेल तर दुसरं दुकान बघावं, झालेली फसवणूक असेल तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा, फोन फुकट आहे.

आमच्यातले काही म्हणतील की एवढं सगळं लिहिलं तर गिऱ्हाईक ऑनलाइन भाव बघतं आणि निघून जातं. जातं, माझंही जातं. पण जे राहतं ते पुढच्या वेळी भावाला घेऊन येतं, आणि ऑनलाइन घेतलेलं कार्ड बसवायला पण शेवटी आमच्याकडेच येतात, बसवायचे पैसे घ्या की मग.

आपल्या पेपरलाही एक विनंती. जाहिरात विभागाने गेमिंग पीसीची जाहिरात घेताना कार्डाचं आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव असल्याशिवाय ती घेऊ नये. जागा कमी पडते म्हणाले तर त्यातलं 'आरजीबी' काढा आणि तिथे मॉडेल नंबर टाका. आणि रविवारच्या पुरवणीत दरवेळी दीड-दोन लाखांच्या कार्डांचे फोटो येतात त्याऐवजी एकदा वीस-तीस हजारांत काय मिळतं ते छापा, ज्यांच्या घरी हा पेपर येतो त्यातल्या बहुतेकांचं बजेट तेवढंच असतं.

ता. क. पत्र छापलंत तर एवढं नक्की छापा, कारण आठवड्यात एक तरी फोन याचाच येतो. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची एचडीएमआय वायर मदरबोर्डच्या वरच्या उभ्या पोर्टमध्ये नाही, खाली कार्डाच्या आडव्या पोर्टमध्ये लावायची.

आपला,
एक कॉम्प्युटर असेंबलर, सातारा