गच्चीची किल्ली वॉचमनकडे असू द्या

मा. संपादक,

मुंबईतल्या प्लेगवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मुंबईत प्लेग ओळखणारे डॉ. व्हिएगस आणि प्लेगची लस शोधणारे हाफकिन यांची नावे आली, ती यायलाच हवीत. पण चाळीचाळीत शिरलेल्या स्वच्छता निरीक्षकाबद्दल एक ओळही नाही, याचे वाईट वाटले. डास निर्मूलनाच्या कामात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून राहवले नाही.

1896 साली मांडवीत प्लेग सापडला तेव्हा तो पसरतो कसा, हेच कळत नव्हते. गटारे धुवा, चुना मारा, घरे रिकामी करा, असा सपाटा होता. लोक निरीक्षकावर चिडत, आणि ती सक्ती पाहता चिडणे रास्तच होते. पण 1905 नंतर प्लेगचा शोध घेणाऱ्या कमिशनचे काम परळच्या प्रयोगशाळेत सुरू झाले, तेव्हा शहरभरातून उंदीर तिथे येत, कुठे सापडला त्या नोंदीसकट. त्यावरूनच क्रम उलगडला: आधी गटारातले उंदीर मरतात, साधारण दहा दिवसांनी घरातले, आणि मग माणसे. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसांत येतो, हे पडताळायला प्लेगचे रोगी निघालेल्या खोल्यांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा वेचत. जंतुनाशकाने धुतलेल्या खोल्यांतही त्या सापडल्या! उंदीर उचलणाऱ्याने पत्ता चुकीचा लिहिला असता, तर कमिशनचा सगळा हिशेब कोलमडला असता. त्या माणसांची नावे आज कुणाला ठाऊक आहेत?

मलेरियाचेही तसेच. मुंबईतल्या मलेरियावरच्या 1911 च्या अहवालात डॉ. बेंटली यांनी डास वाढणाऱ्या घरोघरच्या विहिरींवर बोट ठेवले. विहीर बुजवा म्हटले की धर्माचा प्रश्न उभा राही, पारशी कुटुंबांत विशेष. समजूत घालून कुठे झाकण, कुठे जाळी बसवून घ्यायची, ते काम निरीक्षकाचे.

विहिरी गेल्या, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आल्या, पण मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी डास तोच आहे. झाकण उचलून टॉर्च मारला की त्याच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडलेल्या दिसतात. डेंग्यूच्या डासाच्या डोके खाली करून लटकतात. हे खालून, गेटवरच्या वहीत सही करून दिसत नाही. आणि नेमके तिथेच आम्हाला अडवत: ‘सेक्रेटरी नाहीत, उद्या या.’ आज हे काम करणाऱ्या मुलांनाही हेच ऐकावे लागते.

सोसायट्यांना विनंती आहे, गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवा आणि टाकीची शिडी गंजली असेल तर पावसाळ्याआधी बदला.

— एक निवृत्त कीटकनियंत्रण कर्मचारी, परळ