चिलेटेड लोह कोणते, ते लिहायला नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या कृषी पुरवणीतील मोसंबीच्या पिवळेपणावरचा लेख वाचला आणि राहवले नाही. ‘लोहाची कमतरता दिसल्यास चिलेटेड लोह ड्रीपमधून सोडावे’ एवढे एक वाक्य लिहून लेखक मोकळे झाले. चिलेटेड म्हणजे एखाद्या सेंद्रिय रेणूने वेढून धरलेले. पण कोणत्या रेणूने? आमच्या चुनखडीच्या जमिनीत सगळा खेळ त्याच एका नावावर आहे आणि नेमके तेच लेखात नाही.

अंबड तालुक्यात आमची बाग आहे. माती परीक्षणात सामू (पीएच) 8.3, म्हणजे अल्कधर्मी, आला होता. गेल्या वर्षी नवती पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. थोरले बंधू अहवाल घेऊन कृषी सेवा केंद्रात गेले आणि मी लिहून दिलेले ईडीडीएचए, म्हणजे चिलेटेड लोहाचा एक प्रकार, मागितले. दुकानदाराने अहवाल उघडूनही पाहिला नाही. “दोन्ही चिलेटच की हो. ह्या ईडीटीएत लोह बारा टक्के, तुमच्या ईडीडीएचएत सहाच. वरून ते कितीतरी महाग. कशाला पैसे घालता?” असे म्हणून त्याने ईडीटीए या दुसऱ्या प्रकाराचे पुडे बांधून दिले. ते सगळे मुळाशी गेले. पाने पिवळीच राहिली, फळ पोसले नाही, आणि व्यापाऱ्याने बागेत उभे राहून भाव पाडला.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, म्हणून हे सांगतो. लोहाचा आयन द्रावणात उघडा राहत नाही. इलेक्ट्रॉनची जोडी देणारे रेणू, म्हणजे लिगंड, त्याच्याभोवती बसतात. ईडीटीए हा एकच लिगंड त्याला दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन अशा सहा ठिकाणी धरतो. आम्लधर्मी जमिनीत ही पकड पुरते. पण सामू आठच्या वर गेला आणि आजूबाजूला चुना असला, की ईडीटीए कॅल्शियमला जाऊन बसतो, आणि सुटलेले लोह गंजासारखे न विरघळणारे होऊन मातीत पडून राहते. ईडीडीएचएही सहाच ठिकाणी धरतो. मात्र त्याचे दोन ऑक्सिजन फिनॉलचे असतात आणि फेरिक लोहावर त्याची पकड ईडीटीएपेक्षा अब्जावधी पटींनी घट्ट आहे. म्हणून तो चुनखडीतही टिकतो. बारा टक्के मोठे की सहा, हा हिशोब इथे लागूच होत नाही. फवारणीसाठी ईडीटीए चालतो, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

आल्फ्रेड वर्नरने धातूभोवतीच्या या रचनेचा सिद्धांत 1893 मध्ये मांडला, 1913 मध्ये त्याला नोबेल मिळाले. आमच्याकडे बारावीला त्यावर अख्खा धडा आहे. माझा पुतण्या आमच्याच भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झाला. प्रयोगशाळेचे कुलूप परीक्षेपुरते उघडले, जर्नल सगळ्यांनी एकमेकांचे उतरवले. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात अमोनिया घातला की आधी फिकट निळा साका बसतो, आणखी घातला की तो विरघळून गर्द निळा रंग येतो. पाण्याच्या रेणूंची जागा अमोनियाने घेतलेली डोळ्यांसमोर दिसते. त्या पोराने हे कधी पाहिलेच नाही. अशीच मुले उद्या दुकानाच्या काउंटरवर बसून शेतकऱ्याला सल्ला देणार. शिक्षण खात्याने या कुलपांकडे लक्ष द्यावे.

पुरवणीबाबत माझी मागणी साधी आहे. आंबे बहाराचे, म्हणजे मोसंबीच्या फुलोऱ्याच्या हंगामाचे, पाणी सोडण्याआधी त्या लेखाची दुरुस्ती छापा. चुनखडीच्या जमिनीत मुळाशी द्यायचे असेल तर ईडीडीएचए, हे ठळक अक्षरांत येऊ द्या. शंका असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञांकडून तपासून घ्या. आणि यापुढे ‘चिलेटेड’ हा शब्द लिगंडच्या नावाशिवाय छापू नका.

– एक मोसंबी उत्पादक, ता. अंबड, जि. जालना